निशाचरांची बोली

माझे शब्द पहिल्यांदा छापून आले ते निशाचरांच्या तोंडी. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसू येण्यासारखंच आहे ते. पुढं मी कितीतरी वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ काढून काढून डोळे घालवले, चार पुस्तकं स्वतःच्या नावावर लागली. पण सुरुवात विचाराल तर ती तिथली, एका जाडजूड इंग्रजी कादंबरीच्या भाषांतरातली. भाषांतर कुमुदबाई करत होत्या आणि मी त्यांच्यासमोर बसून पानं लिहून काढत होते. कादंबरी मुलांसाठीची होती. तिच्यात नदीच्या अलीकडं एल्फ नावाचे लोक राहायचे. उंच, गोरेपान, टोकदार कानांचे, पाचशे-पाचशे वर्षं जगणारे आणि कधी म्हातारे न होणारे. नदीच्या पलीकडं काळी, बुटकी, दात पुढं आलेली एक जमात. कोण चांगलं आणि कोण वाईट हे पहिल्या पानावर रंग वाचूनच कळायचं, पुढची पाचशे पानं नुसती त्याचीच री ओढायची.

आता तर असल्या गोष्टींचा सुळसुळाट झालाय. भावाची नातवंडं मोबाइलवर खेळतात त्या खेळातसुद्धा हे टोकदार कानवाले असतात. खेळ सुरू करताना विचारतात, तू कोण होणार? एकजात सगळी पोरं एल्फ होतात. मी विचारलं, कामून रे? तर म्हणे, आजी, ते दिसायला भारी असतात आणि लवकर मरत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूचे? ते मारायला ठेवलेले असतात. पोरांच्या खेळात आपण कुठं तोंड घालायचं.

तेव्हा आम्ही एका ओळीतल्या आठ घरांपैकी पाचव्यात राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रे, समोर सगळ्या ओळीचा मिळून एक हौद. माझे वडील, अण्णा, वाळूजला कारखान्यात होते. पहाटे कोपऱ्यावर शिफ्टच्या बसचा भोंगा वाजला की आमचा दिवस उजाडायचा, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग तव्यावर पालथ्या वाटीनं रगडलेल्या मिरच्यांचा ठसका, आणि ओळीतल्या आठही घरांतून एकाच वेळी खोकला. येसराची आमटी आईच्या हातची. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ ती वर्षाचं करून ठेवायची, आणि कुणी पाव्हणा अवचित आला तरी पाण्यात कालवून दहा मिनिटांत पातेलं उतरवायची. पाणी आमच्या शहरात रोज येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. आलं की बायका हौद भरून घ्यायच्या आणि वर लोखंडी झाकण टाकायच्या. आईचा एकच दंडक होता, आणि त्याचं कारण ती कधी सांगायची नाही. दुपारचे बारा वाजले की तासभर ते झाकण कुणी उचलायचं नाही. घरात तहानेनं जीव चालला तरी नाही. "बारा वाजल्यात, ठिव खाली," असं ती बसल्या जागेवरून म्हणायची, आणि तिचा आवाज असा उतरायचा की आम्ही दोघं भावंडं निमूट मागं फिरायचो. त्या तासाला ओळीत चिटपाखरू नसायचं. ऊन झाकणावर पडलेलं असायचं आणि आतून पाणी मध्येच टुबुक करायचं. का करायचं कुणास ठाऊक, हौद तर भरलेला असायचा.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. या उंबऱ्याच्या आत भुताखेताचं नाव निघायचं नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद होती, आणि आईही ती पाळायची. फक्त झोपेत तिचं तिच्यावर काही चालत नसे. दुपारी भांडी झाली की ती उंबऱ्यापाशी हातावर डोकं ठेवून लवंडायची, आणि दहा-पाच दिवसांतून एकदा झोपेत बोलायची. दरवेळी तेच. "दोर टाक गं, लई खोल हाय." मी लहानपणापासून ते ऐकत आले होते. विचारलं तर म्हणायची, "झोपंत मानूस काय बी बडबडतं, त्याचं काय." मला त्या वाक्याची इतकी सवय झाली होती की ते आमच्या घरातल्या आवाजांपैकीच एक वाटायचं.

कुमुदबाई मी शिकत होते त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. पन्नाशीच्या आतल्या, सडसडीत, एकट्या. त्यांच्या बोटांत संधिवात शिरला आणि बोटं आत वळायला लागली, खडू धरवेना, म्हणून त्या लांबच्या रजेवर होत्या. पुण्याच्या प्रकाशकानं भाषांतराचं काम दिलं होतं, पण पेनही धरवत नव्हता. माझं अक्षर त्यांनी पेपर तपासताना पाहिलेलं. मला बोलावून म्हणाल्या, "मी बोलेन, तू लिहायचं. जमेल?" न जमायला काय झालं! औरंगपुऱ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. सकाळचं कॉलेज सुटलं की मी तिकडं जायची आणि दुपारी दीड-दोनपर्यंत लिहायची. गुलमंडीतून रेघी कागदाचे ताव आणायचं कामही माझ्याकडंच. कागदवाले चाचा म्हणायचे, "क्या बेटी, पूरा शहर लिख डालेगी क्या?" मला त्याचाही अभिमान वाटायचा. जातीचं म्हणाल, तर बाईंनी कधी तसूभरही अंतर ठेवलं नाही. त्यांच्या बशीतले पोहे मी खाल्ले, त्यांच्या पलंगावर बसून लिहिलं. ताप आला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना भलतंसलतं ठरवील. पुस्तक निघेल तेव्हा पहिल्या पानावर "लेखनसाहाय्य" म्हणून माझं नाव टाकायचं त्यांनी आपणहून कबूल केलं होतं. अण्णांनी ही बातमी शिफ्टच्या बसमध्ये पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सांगून टाकली होती. आमच्या घरात कुणाचं नाव आजवर रेशनकार्डापलीकडं कुठं छापलेलं नव्हतं.

एल्फ म्हणजे मराठीत काय, यावर बाईंनी आठवडा घालवला. पऱ्या नको, त्या बालिश. यक्ष नको, ते पोट सुटलेले वाटतात. शेवटी "गंधर्व" ठरलं. नदीपलीकडच्यांना "निशाचर". गंधर्व फार सुंदर मराठी बोलायचे. "हे सखी, चंद्र मावळला, आता निघावयास हवे," असं. निशाचरांनाही आधी बाईंनी शुद्धच बोलायला लावलं होतं, पण मग त्या माझा लिहिता हात थांबवत म्हणाल्या, "रंगत येत नाही गं. सगळे सारखेच वाटतात. 'ते येत आहेत, पळा' हे तुमच्याकडे कसं म्हणतील?" मी म्हणाले, "आलं रं आलं, पळा मायहो!" बाईंनी वाकड्या बोटांनी टाळी वाजवली. "वा! हेच लिही." आणि मी लिहिलं. मग काय, माझ्या अंगात वारंच शिरलं. "लई भूक लागलीय माय", "आसं नाय जमायचं", "कामून वरडायला?" अशी वाक्यांवर वाक्यं मी पुरवायला लागले. घरी गेले की आईनं तोंड उघडायची वाट बघायची. ती शेजारणीशी भांडली की मी मनात टिपून घ्यायची, भावाला रागावली की टिपून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं निशाचरांच्या तोंडात घालायची. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. खरं सांगते, मला एकदाही वाटलं नाही की हे मी काय करतेय. उलट वाटायचं, बघा, आमच्या बोलण्याला किती मागणी आहे!

आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी. मी कच्ची पानं घरी आणून तिला वाचून दाखवायची. शेंगा फोडत फोडत ती ऐकायची आणि मध्येच असं काही विचारायची की मी आडवी. "एवढी पांढरीधोट कापडं घालत्यात, धूतं कोन?" मी म्हणाले, तसं पुस्तकात नाही. "आन् भांडी?" तेही नाही. "पाचशे वर्सं जगत्यात आन् एक दिवस चूल पेटवत नाय व्हय? मंग खात्यात काय, वारा?" निशाचर मात्र तिला पसंत पडले. ते खाणीत उतरायचे, लाकडं तोडायचे, लेकरांना पाठीला बांधून नदी ओलांडायचे. "ह्ये तर आपल्यावानीच बोलत्यात गं!" ती हरखून म्हणाली. "आन् निशाचर कसले? दिसभर तर राबत्यात बिचारे." प्रत्येक लढाईत ते मरायला लागले तशी ती शेंगा फोडायचं थांबवून ऐकायला लागली. एकदा म्हणाली, "ह्यायच्यातलं एक बी वाचत नाय व्हय शेवटपतूर?" मी म्हणाले, आई, गोष्ट आहे. ती म्हणाली, "गोष्टच हाय, म्हनूनच म्हनलं. एखादं वाचीवलं तर काय बिघडंल लिवनाऱ्याचं?"

बुडण्याचं प्रकरण शेवटाकडं होतं. एक तरणा निशाचर नदीत पडतो. काठावर सात गंधर्व उभे असतात. ते त्याच्याकडं बघतात, हात पुढं करत नाहीत, आणि गाणं म्हणतात. तो बुडेपर्यंत म्हणतात. लेखकानं हे सगळं फार गहिवरून लिहिलं होतं. गाणं किती करुण, गंधर्वांचे डोळे कसे भरून आले. वर एक वाक्य होतं, "गंधर्व कुणाचा जीव घेत नाहीत. नदी घेते." वाक्याखाली बाईंनी पेन्सिलनं रेघ मारली होती, आवडलं म्हणून. गाणं त्यांनी मराठीत केलं आणि पंचमीच्या फेराच्या चालीवर बसवलं. त्यांच्या लहानपणची चाल, असं म्हणाल्या. बालपण त्यांचं खेड्यात गेलेलं, वडील गावचे कुलकर्णी, पण गावाचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आता निशाचर बुडताना काय म्हणतो? इंग्रजीत काहीच नव्हतं, नुसतं "तो ओरडला" एवढंच. "त्याला एखादी ओळ हवी," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे काय म्हणतील?" माझ्या तोंडून विचार न करता निघून गेलं, "दोर टाक गं, लई खोल हाय."

मी ते सपाट आवाजात म्हणाले होते. बाईंनी डोळे मिटले आणि वाक्य जिभेवर घोळवून बघावं तसं म्हणून बघितलं. तो आवाज त्यांचा नव्हता. बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा होता, घसा बसलेला, "गं" वर उचललेला आणि मध्येच तुटलेला. आई झोपेत म्हणायची ते अगदी असंच, तोच हेल. आईला बाईंनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते, खिडकीबाहेर रस्ता सुनसान, आणि मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता. बाईंनी डोळे उघडले. मलाच विचारलं, "मी कुणाचा आवाज काढला?" त्यांनी पाणी मागितलं, मी भांडं दिलं, त्यांनी आत डोकावून ते तसंच खाली ठेवलं. "लिही, ओळ चांगली आहे," म्हणाल्या, आणि त्या दिवसापुरतं काम थांबवलं.

ते प्रकरण मी आईला दुसऱ्या दिवशी दुपारी वाचलं. रविवार होता, अण्णा जादा शिफ्टला गेलेले, भाऊ खेळायला. आई ज्वारी निवडत होती. माझ्या अंगात उत्साह इतका की गाणं मी बाईंच्या चालीत म्हणूनच दाखवलं. दुसऱ्या कडव्याला आईचे हात थांबले. "ही चाल तुला कुनी शिकीवली?" मी म्हणाले, बाईंनी, पंचमीची आहे, सगळीकडं म्हणतात. "म्हनत आसतील," ती म्हणाली. "वाच म्होरं." मी पुढं वाचलं. निशाचर ओरडला, "दोर टाक गं, लई खोल हाय." सूप तिच्या मांडीवरून घसरलं आणि ज्वारी घरभर झाली. ती गोळा करायला हलली नाही. माझ्याकडं बघत होती, पण मी तिला दिसत नसावी. मग तिनं उठून दाराची कडी लावली, भर दुपारी, आणि खाली बसून सांगायला लागली.

"मला थोरली बहीन व्हती. गया. तेरा वर्साची. मी नऊ. तवा दीक्षा नव्हती झाली. वरच्या आळीच्या हिरीवर आमाला हात लावायचा नव्हता. घागर घिऊन लांब बसायचं, कुनाला दया आली तर वरून वतायचे. पंचमी व्हती. हिरीपाशी लिंबाला झोका बांधला व्हता, नवाकोरा दोर, आन् वरच्या आळीच्या सात पोरी खेळत व्हत्या. घागर ठिवली ती घरंगळली गं. तांब्याची एकच घागर घरात. गया धरायला धावली आन् घागरीसंगट आत गेली." आई हे सगळं मान न हलवता सांगत होती. गया वर आली, तिनं कपारीचा दगड धरला आणि हाका मारायला लागली. मोठ्या पोरीनं झोक्याचा दोर झाडावरून सोडून घेतलासुद्धा. मग तिच्या मनात आलं आणि ती म्हणाली, दोर बाटंल. आई धावली, दोराला हात घातला, तर त्यांनी हिसडा देऊन तो ओढून घेतला, शिवू नको म्हणाल्या. त्या सात जणी काठावर वाकून उभ्या, आईला नुसत्या त्यांच्या पाठी दिसत होत्या, वेण्यांत केवडा. खालून हाका येतच होत्या. मग एकीनं फेराचं गाणं सुरू केलं. मग दुसरीनं. हाका ऐकू येऊ नयेत म्हणून सातही जणी मोठमोठ्यानं म्हणायला लागल्या. "लई वेळ म्हनत व्हत्या," आई म्हणाली. "हाक बंद झाली तरी म्हनत व्हत्या. थांबायचं भ्या वाटत आसंल."

गावात सांगितलं गेलं की साती आसरांनी पोर नेली. आमच्याकडं पाण्यात राहणाऱ्या त्या सात देखण्या बायकांना आसरा म्हणतात. भर दुपारी बाराला त्या निघतात आणि ज्याच्यावर मन जातं त्याला ओढतात, असं जुने लोक मानायचे. पोरींनीच सांगितलं, सात जणी आल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या, गाणं म्हणत होत्या. गावानं विहिरीपाशी सात दगड मांडून शेंदूर फासला. आणि गयाची आई, माझी आजी, दरसाल पंचमीला त्या दगडांना हिरवा चुडा आणि खण वाहत राहिली, पुन्हा कुणाला नेऊ नका म्हणून, पार दीक्षा घेईपर्यंत. "मी किती बी सांगितलं तर कुनी आयकंना," आई म्हणाली. "मंग मला बी वाटाया लागलं, त्या पोरी नव्हत्याच, आसराच व्हत्या. तुझ्या अण्णाला मी लगीन झाल्यावर सांगितलं. म्हनून तर ते घरात कुनाचं नाव काढू देत नाय." मग तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "ती त्या पोरींना नव्हती म्हनत, विशे. मलाच म्हनत व्हती. दोर टाक गं. आन् तू ते राक्षसाच्या तोंडात घातलंस? शाळंतली पोरं हसतील त्याला?"

मला काय वाटलं ते सांगायला आजही धड शब्द नाहीत. लाज, एवढा एकच आहे. आईची सगळी वाक्यं मला एकदम ऐकू आली, भुकेची, भांडणाची, लेकरांना बोलावण्याची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गंधर्वांचा एक पांढरा बाण. पार्सल सोमवारी पुण्याला जायचं होतं. ती ओळ छापली गेली असती तर मावशीचं मरताना निघालेलं शेवटचं बोलणं कायमचं एका दात पुढं आलेल्या राक्षसाचं झालं असतं, आणि पहिल्या पानावर माझं नाव.

सोमवारी मी कॉलेजात गेलेच नाही, सरळ बाईंकडं गेले. पानांचा गठ्ठा टेबलावर रचलेला, शेजारी शिवायचं पांढरं कापड, सुईदोरा. मी उभ्यानंच म्हणाले, "बाई, ती बुडतानाची ओळ काढा." बाई हसल्या. "अगं, सबंध प्रकरणात तेवढीच तर जिवंत ओळ आहे." मी म्हणाले, "ती माझी नाही, मी चोरलीय." आणि मग मी सांगितलं. गावाचं नाव नाही सांगितलं, गयामावशीचं नाही सांगितलं. एवढंच म्हणाले की एका विहिरीवर वरच्या आळीच्या मुली होत्या, झोक्याचा दोर त्यांच्या हातात होता, आत एक मुलगी पडली होती आणि त्यांनी दोर टाकला नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या आपल्या वळलेल्या बोटांकडं बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आम्ही लहान होतो गं."

बाईंच्या तोंडून सर्वनाम कधी चुकत नसे. "त्या" म्हणायचं तिथं "आम्ही" म्हणून जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मी वाट बघितली, त्या दुरुस्त करतील म्हणून. त्यांनी दुरुस्त केलं नाही. खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "मोठी म्हणाली, गा. म्हणून आम्ही गायलो." गाण्याचं मी सांगितलंच नव्हतं. गाव कोणतं, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, आणि मी तो गिळला. आईचंच गाव निघालं असतं तर तिला जाऊन सांगावं लागलं असतं. दुसरं निघालं असतं तर याचा अर्थ तशा दोन विहिरी होत्या. यातलं काय जास्त वाईट ते मला ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. तेव्हा वाटलं होतं ते असं, की ही बाई जन्मभर त्या काठावरच उभी आहे, आणि या पुस्तकावर तिचा जीव का जडला हे तिचं तिलाही कळलेलं नाही. त्यात गंधर्व गातात आणि कुणी त्यांना जाब विचारत नाही. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी आलं आणि दोन्ही खरं होतं.

बाईंनी पेन मुठीत धरला, लहान मूल धरतं तसा, आणि ओळीवर काट मारली. कागद फाटला. "आता हा बुडताना काय म्हणेल?" त्यांनी विचारलं, सवयीनं. मी म्हणाले, "तो काही म्हणणार नाही. तो खूप म्हणालाय. तुमचे गंधर्व काय म्हणाले ते सांगा." बाई म्हणाल्या, "ते गातात." मी म्हणाले, "गाऊन झाल्यावर?" खालून भाजीवाल्याची हाक गेली, मोरीतला नळ गळत राहिला. मग बाई म्हणाल्या, "नवा कागद घे. लिही." आणि नेहमीच्या त्यांच्या स्वच्छ, वर्गातल्या आवाजात त्यांनी सांगितलं, "'दोर आमच्याकडे होता,' गंधर्व म्हणाले." मी लिहिलं आणि म्हणाले, "बाई, इंग्रजीत असं नाहीये." त्या म्हणाल्या, "नसू दे." नदी जीव घेते ते वाक्यही त्यांनी काढायला लावलं. मग आम्ही दोघींनी मिळून पार्सल शिवलं. निशाचरांची बाकीची वाक्यं तशीच राहिली. ती बदलायला सबंध पुस्तक बदलावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्या दिवशी दोघींतही नव्हती.

पुस्तक आलं तेव्हा पुढचा उन्हाळा लागला होता. बाईंनी एक प्रत टपालानं घरी पाठवली, स्वतः आल्या नाहीत, मीही त्यांच्याकडं पुन्हा गेले नाही. वेष्टणावर उंच गोरा गंधर्व धनुष्य घेऊन उभा. अण्णांनी पहिलं पान उघडून माझं नाव दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक घेऊन ओळीतल्या आठही घरांत फिरून आले. ते कामावर गेल्यावर मी बुडण्याच्या प्रकरणातलं पान काढलं आणि आईपाशी जाऊन बसले. तिला ती दोराची ओळ वाचून दाखवली. "कुठं हाय ते?" तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. "हितं?" "हितंच." "कोन म्हनलं?" "गंधर्व." "सातीच्या साती?" मी म्हणाले, व्हय, सातीच्या साती. तिनं बोट उचललं नाही. मी परत वाचलं, आणि ती म्हणाली म्हणून आणखी एकदा वाचलं. तिच्या चेहऱ्याकडं मी बघत होते, आता ती रडेल, आता तिला बरं वाटेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

"व्हता म्हनत्यात," आई म्हणाली. "पर टाकला नाय."